लाल अक्षरांतील नकार

दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागले की गुरुग्राम मागे पडते आणि थोड्याच वेळात मानेसर येते. मराठी माणसाला हे नाव माहीत असते ते मारुतीच्या कारखान्यामुळे, नाहीतर नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या मदतीला धावलेल्या एन.एस.जी.च्या कमांडोंमुळे. परंतु महाराष्ट्रातील उद्योजकाचा मानेसरशी याहून जवळचा संबंध आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. येथील औद्योगिक वसाहतीत भारतीय कॉर्पोरेट कार्य संस्थेचे आवार आहे. जानेवारी २०१६ मध्ये कंपनी कार्य मंत्रालयाने केंद्रीय नोंदणी केंद्र स्थापन केले ते याच आवारात. त्यापूर्वी कंपनीच्या नावाची छाननी त्या त्या ठिकाणचे कंपनी निबंधक करीत. आपल्याकडे मुंबई आणि पुणे येथे ती होत असे. आता हुपरीच्या चांदी कारागिराने किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने कंपनी काढायची म्हटली, तर तिचे नाव ग्राह्य की अग्राह्य हे मानेसरला ठरते. मे २०२३ मध्ये स्वेच्छेने बंद होणाऱ्या कंपन्यांचे केंद्रही येथेच सुरू झाले. म्हणजे कंपनीचे बारसेही मानेसरात आणि बारावेही मानेसरात!

या केंद्रीकरणाचे फायदे आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत. वीस ठिकाणच्या वीस रीती गेल्या, एकसारखेपणा आला, दिवस वाचले, खिडकीवरची ओळखपाळख संपली. परंतु खिडकी गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. तिच्याविषयी प्रशासनात फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेख.

ती गोष्ट म्हणजे आवक क्रमांक. ज्यांनी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कचेरीत पाऊल टाकले आहे त्यांना आवक-जावक टेबल ठाऊक आहे. कागद आला की त्यावर शिक्का बसतो, तारीख पडते, नोंदवहीत क्रमांक चढतो. कागद अपुरा असेल, चुकीचा असेल, मुदतीनंतरचा असेल, हे सर्व नंतर पाहायचे. त्रुटी काढायच्या, त्रुटीपूर्ततेसाठी अर्जदाराला कळवायचे, नाहीच जमले तर कारणासह नाकारायचे. आधी आवक, मग छाननी, हा क्रम इंग्रजांच्या काळापासून कचेरीच्या हाडीमाशी भिनलेला आहे. कितीही आडमुठा कारकून असला तरी आवक टेबलावर आलेला टपाली अर्ज तो परत पाठवू शकत नसे. शेवटी नोंदवही हा पुरावा असे, आणि त्या पुराव्याच्या जोरावर सामान्य माणूस वरच्या साहेबांकडे जाऊ शकत असे.

संगणकाच्या पडद्यावरील फॉर्मने हा क्रम उलटा केला. आता आधी छाननी, मग आवक. रकान्यात काही भरले की तत्क्षणी त्याखाली लाल अक्षरे उमटतात: अवैध नोंद. कोणत्या कारणाने अवैध, कोणी ठरवले, कोणत्या नियमाखाली, यांपैकी काहीही नाही. सबमिटचे बटण राखाडीच राहते. अर्ज गेला नाही म्हणून त्याला क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून तो प्रलंबित नाही, नामंजूरही नाही. शासनाच्या दप्तरी तो अर्ज जन्मालाच आलेला नसतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे पदनिर्देशित अधिकाऱ्याने विहित मुदतीत सेवा द्यावी, अन्यथा कारणे लेखी नमूद करून अर्ज फेटाळावा आणि अर्जदाराला अपिलाची वाट मोकळी असावी, अशी तरतूद आहे. हरियाणाचाही याच स्वरूपाचा २०१४ चा कायदा आहे. हे सारे घड्याळ चालू होते अर्ज मिळाल्यापासून. ज्याचा अर्ज लाल अक्षरांपाशीच अडला, त्याचे घड्याळ चालूच होत नाही. विलंबाच्या मासिक विवरणात तो कोठेही दिसत नाही. उलट असे अर्जदार जितके अधिक, तितके त्या कचेरीचे 'मुदतीत निकाली काढलेले अर्ज' शंभर टक्क्यांच्या जवळ! आढावा बैठकांत हिरवे रकाने पाहून समाधान मानणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

संगणकाच्या भाषेत या तपासणीला व्हॅलिडेशन म्हणतात. तिचे नियम कोण लिहितो? बहुतेक वेळा ठेकेदार कंपनीतील एखादा पंचविशीचा प्रोग्रॅमर. त्याच्या हातात जो तपशील दिला जातो त्यात 'नाव: अनिवार्य, फक्त अक्षरे' एवढेच लिहिलेले असते. तो बिचारा त्याच्या समजुतीप्रमाणे एक ओळ लिहितो आणि ती ओळ कोट्यवधी लोकांना लागू होते. कंपनी कायद्याखाली केंद्र सरकारने केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. या एका ओळीला मात्र ना मसुदा, ना हरकती-सूचना, ना राजपत्र. तिच्यावर कोणाची सही नसते. कार्यालयीन भाषेत सांगायचे तर ही टिप्पणीविना निघालेली आज्ञा आहे.

माझ्या परिचयातील एक भगिनी आहेत. मूळच्या सातारकडच्या, विवाहानंतर गेली काही वर्षे गुरुग्रामला. एका संकेतस्थळावर त्यांना अर्ज भरायचा होता आणि पॅनच्या रकान्याखाली 'अवैध पॅन' असे येत होते. हेल्पडेस्कने प्रथम ब्राउझर बदलायला सांगितले, मग जुनी साठवण पुसायला, मग दुसरा संगणक, मग रात्री अकरानंतर प्रयत्न करा. हा सल्ला देशभर सर्वांना एकच मिळतो. शेवटी एका रविवारी आम्ही शांतपणे बसून शोध घेतला. पद्धत साधी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, आणि काय झाले ते कागदावर लिहायचे. प्रथम पत्त्यातील स्वल्पविराम काढले, फरक नाही. जन्मतारीख पुन्हा निवडली, फरक नाही. माझा पॅन आणि माझे आडनाव घातले, रकाना हिरवा. त्यांचा पॅन आणि माझे आडनाव घातले, लाल. मग त्यांचा पॅन आणि त्यांचे माहेरचे आडनाव घातले. हिरवा!

उलगडा झाला. पॅनमध्ये दहा चिन्हे असतात: पाच रोमन अक्षरे, चार अंक, पुन्हा एक अक्षर. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी', हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर 'एच'. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर. कोणा हुशार माणसाने ही माहिती वाचून नियम करून टाकला की पाचवे अक्षर आडनावाशी जुळलेच पाहिजे. आता, विवाहानंतर आडनाव बदलले आणि कार्डावर नवे नाव चढवून घेतले, तरी पॅन क्रमांक तोच राहतो; तो आयुष्यभराचा असतो. म्हणजे ज्या ज्या स्त्रीने विवाहापूर्वी पॅन घेतला आणि नंतर आडनाव बदलले, तिला हा फॉर्म बंद. (आद्याक्षर योगायोगाने तेच राहिले तर सुटका.) ज्याने नियम लिहिला त्याच्या मनात स्त्रियांविषयी आकस होता असे मुळीच नव्हे. त्याने स्वतःच्या पॅनवर नियम तपासला आणि तो जुळला, इतकेच.

माझ्या मते येथे तीन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली, लिहिताना झालेली चूक पकडणे. यासाठी यंत्रासारखे दुसरे साधन नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला पडताळा-अंक असतो. ही रीत व्हरहूफ या डच गणितज्ञाची. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती अचूक सांगते. बँकेच्या आयएफएससी संकेतात अकरा चिन्हे असतात आणि पाचवे चिन्ह शून्य असते, तेथे कोणी इंग्रजी 'ओ' टंकला तर यंत्राने जरूर थांबवावे. अशा अडवणुकीबद्दल कोणाचीही तक्रार असणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भरलेली माहिती अन्य नोंदींशी जुळते की नाही हे पाहणे. येथे यंत्राने शंका घ्यावी, निर्णय देऊ नये. कारण न जुळण्याचा दोष अर्जदाराकडे असतो असे नाही, तो त्या दुसऱ्या नोंदवहीतही असू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे कायद्याने एखादी सवलत किंवा हक्क मिळतो की नाही. येथे यंत्राने तोंड उघडण्याचे कारणच नाही. या तिसऱ्या प्रकाराचा एक मोठा दाखला मुंबई उच्च न्यायालयाने नुकताच घालून दिला आहे. माझ्या माहितीत व्हॅलिडेशनच्या नियमाला न्यायालयात इतके स्पष्ट उत्तर यापूर्वी मिळालेले नाही.

आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८७अ प्रमाणे ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला करात सूट मिळत असे. नव्या करप्रणालीत त्या वेळी ही मर्यादा सात लाख रुपये होती. शेअरविक्रीवरील अल्पकालीन नफ्यासारखे जे उत्पन्न विशेष दराने करपात्र असते, त्यावरील करातूनही ही सूट मिळते की नाही, यावर दोन मते होती. विभागाचे मत नाही असे होते. अनेक सनदी लेखापालांचे मत होय असे होते. वाद प्रामाणिक होता. परंतु ५ जुलै २०२४ रोजी विवरणपत्र भरण्याच्या प्रणालीतच बदल करण्यात आला आणि त्यानंतर अशी सूट मागताच येईना. आदल्या दिवशी विवरणपत्र भरणाऱ्याला मागता येत होती. म्हणजे कायदा तोच, आकारणी वर्ष तेच, उत्पन्न तेच, फरक फक्त तारखेचा!

मुंबईतील चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका केली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन सुधारित व विलंबित विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला लावली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी अंतिम निर्णय दिला. ही सूट मिळते की नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने सांगितले ते असे की प्रश्न वादास पात्र आहे, तेव्हा मागणी करण्याची वाट संगणकप्रणालीने बंद करता कामा नये. करदात्याने मागावे, अधिकाऱ्याने तपासावे, पटले नाही तर कारणे देऊन नाकारावे. पुढे संसदेनेच २०२५ च्या वित्त अधिनियमाने विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला ही सूट नाही असे पुढील काळापुरते स्पष्ट केले. एखादी सवलत नको असेल तर ती काढून घेण्याचा मार्ग तो आहे. जुलै महिन्यातील एका रात्री प्रणालीची नवी आवृत्ती चढवून ते काम करायचे नसते.

कंपनी नोंदणीकडे पुन्हा येतो. येथे नावाच्या छाननीचे नियम निदान लिहिलेले तरी आहेत. २०१४ च्या कंपनी स्थापना नियमांतील आठवा नियम मे २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला. कोणते नाव दुसऱ्याच्या फार जवळचे समजायचे याची त्यात यादी आहे: एकवचन-अनेकवचन, शब्दांचा क्रम, अंतर आणि विरामचिन्हे, मुद्दाम बदललेले स्पेलिंग, मागे लावलेले गावाचे नाव, इत्यादी. सरकारी मसुदा म्हणून तो चांगला आहे, उदाहरणेही दिली आहेत. त्यातील एक कलम मात्र मराठी वाचकाने लक्ष देऊन वाचावे असे आहे. अस्तित्वात असलेल्या नावाचे संपूर्ण भाषांतर किंवा लिप्यंतर, हिंदीत अथवा इंग्रजीत, चालणार नाही. हिंदीत अथवा इंग्रजीत! मराठी, तमिळ, बंगाली यांचा उल्लेख नाही. 'राष्ट्रीय विद्युत निगम' असेल तर 'नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन' चालत नाही, परंतु 'राष्ट्रीय वीज महामंडळ' या नावाबद्दल हे कलम मुके आहे.

याहून गमतीचा प्रश्न रोमन लिपीचा. 'ज्ञान' हा शब्द मराठी माणूस रोमनमध्ये 'डी-एन-वाय'ने सुरू करतो आणि हिंदी माणूस 'जी-वाय'ने. ज्ञानदीप या एकाच नावाची ही दोन रूपे अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला सर्वस्वी भिन्न वाटतात. उलट 'बाळ', 'बाल', 'बळ' आणि 'बल' हे चार वेगळे शब्द रोमनमध्ये बहुधा एकाच तीन अक्षरांत कोंबले जातात, म्हणून यंत्राला ते एक वाटतात. पुण्यात किंवा मुंबईत बसलेला छाननी करणारा हे विनासायास ओळखेल. मानेसरला देशाच्या सर्व भाषांतील नावे येतात, तेथे हा विवेक प्रत्येक टेबलावर कसा असणार? दोष तेथील कर्मचाऱ्यांचा नाही. भाषा जाणणारा माणूस छाननीच्या साखळीत कोठेतरी असावा, एवढी सोय रचनेत करायला हवी होती.

जानेवारी २०२३ मध्ये याच मंत्रालयाने आपले छप्पन्न फॉर्म दोन टप्प्यांत नव्या प्रणालीवर नेले. जुन्या पद्धतीत फॉर्म स्वतःच्या संगणकावर उतरवून निवांत भरता येई. त्यावर 'चेक फॉर्म' आणि 'प्रीस्क्रूटिनी' अशी दोन बटणे असत. पहिल्याने रकाने पूर्ण आहेत का ते कळे, दुसऱ्याने सरकारी नोंदींशी मेळ बसतो का ते कळे. कोठे अडले हे निदान दोन वेगळ्या पायऱ्यांवर दिसत असे. नव्या पद्धतीत सर्व भरणे जिवंत पडद्यावर आले. सुरुवातीच्या अडचणी इतक्या झाल्या की फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्रालयाला मुदतवाढ द्यावी लागली आणि भागवाटपाचे विवरण काही दिवस चक्क कागदावर स्वीकारण्याची परवानगी द्यावी लागली. मी या परवानगीकडे नामुष्की म्हणून पाहत नाही. उलट तो शहाणपणाचा निर्णय होता. यंत्र अडले तर कागद घ्या, पण आवक थांबवू नका. अशी कागदी पळवाट प्रत्येक प्रणालीत कायमची का नसावी?

देवनागरीत फॉर्म भरण्याची सोय जेथे आहे तेथील कथा आणखी निराळी. 'फक्त अक्षरे' हा नियम वर आलाच आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग ठरलेला असतो. क, द, म ही 'अक्षरे'. परंतु काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरे नव्हेत, ती 'चिन्हे' या दुसऱ्या वर्गात मोडतात. परिणाम असा की प्रोग्रॅमरने केवळ 'अक्षरे' या वर्गाला परवानगी दिली, तर कदम आणि गरड ही मंडळी आत जातात आणि काळे, शिंदे, कुलकर्णी, देशपांडे हे सर्व बाहेर राहतात! चाचणी घेणाऱ्याने 'कमल कदम' असे नाव घालून पाहिले असेल तर दोष कधीच सापडणार नाही.

'गोऱ्हे' किंवा 'कुऱ्हाडे' या आडनावांचे तर विचारूच नका. त्यातील आडवा अर्धा र संगणकात तीन प्रकारांनी साठवला जाऊ शकतो. एक, नुक्ता असलेला अखंड ऱ. दोन, साधा र आणि वेगळा नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ती तीन निरनिराळी माणसे वाटतात. त्यातच कोणी सुरक्षेच्या नावाखाली 'सर्व अदृश्य चिन्हे पुसा' असा नियम घातला की तिसऱ्या प्रकारातील जोडचिन्ह गळते, रफार वर चढतो आणि 'गोर्हे' असे एक न ऐकलेले आडनाव दप्तरी दाखल होते. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच प्रमाण रूपात आणणे हा यावरील उपाय आहे. पहिल्या दोन प्रकारांसाठी युनिकोडने तो कधीच सांगून ठेवला आहे, तिसऱ्यासाठी एक ओळ आपली आपण लिहावी लागते.

पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी लेखक होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटतोच. त्यांनी आखलेली रचना टपाल वाटण्यासाठी होती. राज्यांच्या सीमा सांगण्यासाठी ती नव्हती. चाळीस ते चव्वेचाळीस या आकड्यांनी सुरू होणारे पिन महाराष्ट्राचे, असे गृहीत धरून पिनवरून राज्य आपोआप भरणारे फॉर्म असतात, आणि ४०३ ने सुरू होणारा सारा गोवा त्यात महाराष्ट्रात जमा होतो. पणजीच्या माणसाने राज्य बदलू पाहिले तर रकाना गोठलेला असतो. एका प्रयोजनासाठी केलेला संकेत दुसऱ्याच कामाला जुंपला की असे होते.

परदेशी राहणाऱ्या वाचकांना याचा निराळा अनुभव असेल. संयुक्त अरब अमिरातीत टपाल-संकेतच नाही, तेथे पोस्टाची पेटी असते. भारतातील फॉर्मला मात्र सहा अंकी पिन हवाच. मग दुबईचा मराठी माणूस सहा शून्ये टाकतो, किंवा बहिणीच्या डोंबिवलीच्या घराचा पिन टाकतो, आणि फॉर्म जातो. येथे जे घडते ते केवळ अडवणुकीहून वाईट आहे. खरे बोलणारा बाहेर आणि खोटे भरणारा आत. पुढे त्याच आकडेवारीवरून कोणी अहवाल तयार करतो.

ही सवय संगणकाने लावली असे मात्र नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे ते आठवून पाहा. शाळा जूनमध्ये सुरू होत, दाखल्यावर तारीख अनिवार्य, घरी कोणाला नेमकी माहीत नाही, म्हणून हेडमास्तरांनी वय मोजून १ जून लिहून टाकली. रकाना भरला, नियम पाळला गेला, आणि सबंध पिढी एकाच दिवशी जन्मली! सेवानिवृत्तीच्या दिवशी ३१ मे रोजी कचेऱ्या रिकाम्या होताना आम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत. 'माहीत नाही' असे लिहिण्याची मुभा नसलेला रकाना खोटी माहितीच गोळा करतो, मग तो शाईने भरा की कळफलकाने.

नावाच्या रकान्यांची पुढची अडचण तर महाराष्ट्र शासनानेच निश्चित करून ठेवली आहे, आणि निर्णय स्वागतार्ह आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी चार पदांनी लिहायची आहेत. केंद्राचे बहुतेक फॉर्म अजून पहिले, मधले, शेवटचे या तीन खोक्यांचे आहेत. मधल्या खोक्यात दोन नावे आली की अंतराच्या मोकळ्या जागेला 'अवैध चिन्ह' म्हणणारे फॉर्म मी पाहिले आहेत. पॅनसाठी डिसेंबर २०१८ पासून एकल मातेच्या अपत्याला वडिलांचे नाव देण्याची सक्ती नाही, तरी पॅनशी मेळ घालणाऱ्या इतर फॉर्मांतून वडिलांच्या रकान्यावरची तारका सर्वत्र पुसली गेली आहे असे नाही. जिल्ह्यांच्या नावांचे तेच. गुडगावचे गुरुग्राम २०१६ साली झाले, औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये बदलली, अहमदनगरचे २०२४ मध्ये. राजपत्र एका दिवशी निघते, पण पत्त्याच्या पुराव्यावर जुने नाव असते आणि यादीत नवे, किंवा त्याच्या उलट. आणि 'पुराव्याशी पत्ता जुळत नाही' हा शेरा अर्जदाराच्या माथी येतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. फॉर्म उघडून पहिला रकाना भरताच अर्जाला तात्पुरता आवक क्रमांक मिळावा आणि तो कोठे अडला याची नोंद आपोआप व्हावी. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक तपासणीपुढे 'ही माहिती बरोबर आहे, तरीही सादर करा' असे बटण असावे, आणि ते दाबलेला अर्ज माणसाच्या टेबलावर जावा. लाल अक्षरांत रकान्याचे नाव, अडलेली बाब आणि ज्या नियमाखाली ती अडली त्याचा क्रमांक असावा. ज्या अडवणुकीला नियम क्रमांक देता येत नाही ती काढून टाकावी. माझा अंदाज आहे की या एका अटीनेच निम्म्या ओळी गळतील.

अशी बटणे दिली तर बनावट अर्जांचा सुळसुळाट होईल, असा आक्षेप संगणक विभागाकडून हमखास येतो. तो अगदीच पोकळ नाही. पण ज्याला बनाव करायचा आहे तो सहा शून्ये टाकून आजही आत येतोच. नियमाशी नेमके जुळणारे खोटे तयार करणे ही त्याची खासियत आहे. अडतो तो ज्याचे खरे आयुष्य त्या चौकटीत बसत नाही तो.

राहिली चाचणी. नवी प्रणाली स्वीकारताना ठेकेदाराकडून 'सर्व चाचण्या यशस्वी' असा दाखला घेतला जातो. त्या चाचण्यांतील अर्जदार बहुधा एकच असतो: तीन पदी नावाचा, जन्मापासून एकाच आडनावाचा, एकाच गावात राहणारा पुरुष. त्याऐवजी प्रत्येक खात्याने आपली एक अवघड अर्जदारांची यादी बाळगावी. तीत कोणी आडनाव बदललेली स्त्री असावी, कोणी केवळ एकाच नावाचा तमिळ गृहस्थ, कोणी गोऱ्हे, कोणी ज्ञानेश्वर, कोणी म्हापशाचा, कोणी दुबईचा, २९ फेब्रुवारीला जन्मलेला एखादा, गट क्रमांकात तिरपी रेघ आणि 'अ' हे अक्षर असलेला एखादा शेतकरी, आणि चार पदी नावाचे एक मूल. प्रणालीत बदल झाला की प्रत्येक वेळी ही सर्व मंडळी पुन्हा आत जातात की नाही ते पाहावे आणि मगच देयकावर सही करावी. यादी तयार करायला एका अव्वल कारकुनाला एक दुपार पुरते. हेल्पडेस्कच्या तक्रारवहीत ती तयारच पडलेली असते, फक्त ती वही साहेबांच्या टेबलापर्यंत सहसा येत नाही.